सुरू न होणारा लिनक्स संगणक : अडलंय कुठे, ते आधी पाहा

(शहादा येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज लिनक्सवर काय बोलणार, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतोय. रास्त आहे. मी संगणकाचा तज्ज्ञ नाही. पण गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक प्रसंग घडला आणि त्यात मी जे शिकलो, ते इथल्या पुष्कळांच्या उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून उभा आहे.

आमच्या एका छोट्या वाचनालयात एक जुना संगणक आहे. त्याची रॅम दोन जीबी. नवं विंडोज त्याला पेलेना, म्हणून एका विद्यार्थ्यानं त्यावर डेबियन लिनक्स बसवून दिलं. या संगणकात आम्ही काही वर्षं एक काम साठवत आलोय. शहादा, तळोदा, धडगाव भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायच्या. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडण्याची कामं, सुकडी, कोणाच्या गावाहून कोण कुठे मजुरीला गेलं. कोणी भिलीत बोलतं, कोणी पावरीत, कोणी अहिराणीत, कोणी गुजरीत. बोलणाऱ्यांपैकी काहीजण आता नाहीत.

जूनच्या पहिल्या वादळात रात्री चार-पाच वेळा वीज गेली आणि आली. सकाळी संगणक लावला तर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि खाली एक वाक्य : 'यू आर इन इमर्जन्सी मोड'. म्हणजे तुम्ही आणीबाणीत आहात. (हशा) माझ्या वयाच्या माणसाला त्या शब्दानं वेगळंच काही आठवतं, ते असो.

दुरुस्ती करणारा मुलगा आला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "सर, विजेनं सिस्टिम उडाली. फॉरमॅट मारतो, दोन तासांत नवीन करून देतो." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला मशीन चालू करून द्यायचं होतं. आम्हाला मात्र त्यातले आवाज हवे होते. एका बाहेरच्या डिस्कवर प्रत होती, पण ती आठ महिने जुनी. त्या आठ महिन्यांत रेकॉर्ड केलेल्या एक आजी एप्रिलमध्ये गेल्या होत्या. त्यांचा आवाज फक्त त्या बंद संगणकात होता. मी त्याला म्हटलं, "बाबा, आज काहीच करू नकोस. चहा घे."

आजचं सगळं व्याख्यान त्या चहाच्या वेळेत मावतं.

संगणक स्वतःला कसा उठवतो

'बूट' हा शब्द इंग्रजीतल्या एका गमतीच्या कल्पनेतून आला : आपल्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलणं. आपल्याकडच्या तत्त्वज्ञांनी हीच अडचण दुसऱ्या दृष्टान्तानं मांडली आहे. डोंबारी कितीही तरबेज असो, त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही. न्यायशास्त्र त्याला आत्माश्रय दोष म्हणतं.

संगणकासमोर हाच पेच असतो. कोणताही प्रोग्रॅम चालवायला आधी दुसरा एखादा प्रोग्रॅम लागतो. मग पहिला कोण चालवणार? यावरचा तोडगा म्हणजे टप्प्याटप्प्यानं हाती द्यायची मशाल. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा थोडा शहाणा.

पहिला टप्पा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो. जुन्या संगणकात तो बायोस, नव्यात यूईएफआय. त्याचं काम एवढंच : मेमरी, कीबोर्ड, डिस्क आहेत का ते पाहायचं आणि डिस्कवरच्या पुढच्या माणसाला हाक मारायची.

दुसरा टप्पा ग्रब. हा दारावरचा माणूस. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कुठे ठेवलाय ते त्याला माहीत असतं. काही सेकंद दिसणारी यादी, ज्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' असं लिहिलेलं असतं, ती याचीच.

तिसरा टप्पा कर्नल. इथे एक सुंदर अडचण आहे. डिस्क वाचायला कर्नलला ड्रायव्हर लागतो, आणि ड्रायव्हर ठेवलेला असतो त्याच डिस्कवर. याला आपल्याकडे अन्योन्याश्रय म्हणतात : हा त्याच्यावर अवलंबून, तो याच्यावर. लिनक्सनं यावर शिदोरी काढली. ग्रब कर्नलसोबत एक छोटं गाठोडंही मेमरीत आणून ठेवतो, त्याचं नाव इनिटरॅमएफएस. त्यात लागेल तेवढे ड्रायव्हर आणि चार हत्यारं असतात. कर्नल ती वापरून खरी डिस्क उघडतो आणि मग गाठोडं बाजूला टाकतो.

चौथा टप्पा सिस्टिमडी. कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्रॅम. आता घर उघडलंय, पण दिवे लावायचेत, पाणी भरायचंय. कोणत्या डिस्का कुठे जोडायच्या याची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते : ईटीसी फोल्डरमधली एफएसटॅब. ही फाइल लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

पाचवा टप्पा तुमच्या ओळखीचा : नाव आणि पासवर्ड विचारणारा पडदा.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडी ज्या टप्प्यावर थांबली, त्याच्या आधीचे सगळे टप्पे पार पडलेले असतात. ग्रबची यादी दिसली म्हणजे पहिला टप्पा ठीक आहे आणि डिस्क निदान सापडते आहे. आमच्या पडद्यावर 'इमर्जन्सी मोड' होतं. तो संदेश सिस्टिमडी देतो, म्हणजे चौथा टप्पा. म्हणजेच बायोस ठीक, ग्रब ठीक, कर्नल ठीक, मुख्य डिस्क उघडलेली. 'विजेनं सिस्टिम उडाली' हे निदान पडद्यावरच्या एका ओळीनंच खोटं ठरत होतं. आम्ही ती ओळ वाचून घाबरलो होतो. खरं तर ती धीर देणारी ओळ होती.

हात लावण्याआधी

चार गोष्टी. यांचा क्रम बदलू नका.

एक, मोबाइलनं पडद्याचा फोटो काढा. सगळ्या ओळींचा. 'काहीतरी एरर येतोय' या वाक्यावरून जगातला कोणीही मदत करू शकत नाही.

दोन, डिस्कचा आवाज ऐका. जुन्या फिरत्या डिस्कमधून टक-टक किंवा खरखर येत असेल, तर संगणक बंद करा आणि बंदच ठेवा. मरायला टेकलेल्या डिस्कला जितकं चालवाल, तितकं कमी हाती लागेल.

तीन, आधी प्रत, मग दुरुस्ती. संगणक सुरू होणं आणि त्यातली माहिती शाबूत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाराचं कुलूप बिघडलं म्हणून घरातलं धान्य सडत नाही.

चार, एका वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर लिहा. आपल्याकडे याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक गोष्ट आहे तेव्हा परिणाम दिसतो का, आणि ती काढली की परिणाम जातो का? पाच बदल एकदम केले, तर संगणक सुरू झाला तरी कशानं झाला ते कळत नाही, आणि झाला नाही तर आपण मूळ बिघाडात चार नवे घातलेले असतात.

प्रत कशी काढायची

आठ जीबीचा किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या. दुसऱ्या संगणकावर कोणत्याही चालू लिनक्सची आयएसओ फाइल उतरवून ती रूफस किंवा एचरसारख्या साधनानं त्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका. मग बिघडलेल्या संगणकात तो लावून, सुरू करताना एफ-१२ किंवा एस्केपसारखी कळ दाबून पेनड्राइव्ह निवडा. कंपनीगणिक कळ वेगळी असते.

पडदा विचारेल, 'ट्राय' की 'इन्स्टॉल'? 'ट्राय' निवडा. इथे घाईनं 'इन्स्टॉल' दाबून माहिती घालवल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. 'ट्राय'मध्ये लिनक्स मेमरीतून चालतं, तुमच्या डिस्कला हात लावत नाही.

आता फाइल मॅनेजरमध्ये तुमची डिस्क दिसेल. 'होम' फोल्डरात तुमच्या नावाचं फोल्डर असेल. दुसरी डिस्क लावा आणि ते सगळं तिच्यावर उतरवा. डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर तिचा पासवर्ड लागेल, त्याशिवाय इलाज नाही.

डिस्कच्या तब्येतीची शंका असेल तर 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्रॅममध्ये 'स्मार्ट' अहवाल पाहा. खराब झालेले किंवा वाचायचे राहिलेले सेक्टर तिथे आकड्यानं दिसतात. आकडा वाढत असेल तर फाइली एकेक काढत बसू नका. डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. ते सोपे भाग आधी वाचतं, अवघड भाग शेवटी ठेवतं आणि कुठवर आलो त्याची नोंद ठेवतं. त्यानं सबंध डिस्कची प्रतिमा तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि पुढची सगळी धडपड त्या प्रतिमेवर करा.

आम्ही त्या दुपारी एवढंच केलं. प्रत उतरायला संध्याकाळ झाली. त्या आजींची फाइल उघडून दोन मिनिटं ऐकली. मग सगळ्यांनाच दुरुस्तीची भीती वाटेनाशी झाली.

टप्प्यानुसार उपाय

आदेश मी उच्चारतोय. टाइप करताना ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत. लिनक्सला लहान आणि मोठ्या अक्षरांतला फरक कळतो.

*डिस्कच सापडत नाही.* 'नो बूटेबल डिव्हाइस' असं दिसलं, तर आधी सेटिंगमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर बिघाड केबलचा, जोडणीचा किंवा डिस्कचा. नाव दिसत असेल तर बूटचा क्रम पाहा. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की जुने संगणक क्रम आणि तारीख दोन्ही विसरतात. पंधरा वर्षांच्या संगणकात हे सर्रास होतं.

*ग्रब अडलाय.* नुसतं 'ग्रब' आणि बाणासारखी खूण दिसली, तर ग्रब जागा आहे पण त्याला यादी सापडत नाही. 'ग्रब रेस्क्यू' दिसलं तर त्याला स्वतःची हत्यारंही सापडलेली नाहीत. विभाजनं पुसली, हलवली की असं होतं. 'एलएस' टाइप केलं की डिस्कचे भाग कंसात दिसतात. एकेक भाग तपासून बूट फोल्डर कुठे आहे ते शोधायचं, 'सेट' या आदेशानं 'रूट' आणि 'प्रीफिक्स' त्याच्याकडे वळवायचे, मग 'इन्समॉड नॉर्मल' आणि 'नॉर्मल'. यादी येते. हा एका वेळेपुरता उपाय. आत गेल्यावर ग्रब नव्यानं बसवायचा.

*कर्नल पॅनिक.* 'अनेबल टू माउंट रूट' असं लिहून सगळं गोठतं. नुकतंच अपडेट केलेलं असेल तर बहुधा शिदोरीत घोटाळा आहे : इनिटरॅमएफएस अर्धवट तयार झालं. बूटचा वेगळा छोटा भाग जुन्या कर्नलांनी भरून गेला की असं हमखास होतं. उपाय सोपा आहे. ग्रबच्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. लिनक्स जुना कर्नल लगेच फेकत नाही, तो याचसाठी. आत गेलात की जागा मोकळी करा आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस' हा आदेश द्या. यादी दिसतच नसेल तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा.

*कंसात इनिटरॅमएफएस.* पडद्यावर कंसात हा शब्द आणि पुढे लुकलुकणारी खूण. म्हणजे कर्नल शिदोरी घेऊन दारात उभा आहे, पण मुख्य डिस्क उघडेना. वीज गेल्यानंतर हे जास्त दिसतं. इथे एफएससीके कामाला येतो, फाइलप्रणालीची तपासणी करणारा.

हा काय करतो ते समजून घ्या. अडत्याच्या दुकानात रोजकीर्द असते आणि खतावणी असते. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत टिपतात, मग सवडीनं खतावणीत चढवतात. मध्येच दिवे गेले तर रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. लिनक्सची ईएक्सटी-४ फाइलप्रणाली हेच करते. तिची रोजकीर्द म्हणजे जर्नल. त्यामुळे वीज गेल्यावर बहुतेक वेळा ती स्वतःच सावरते. पण नेहमीच्या रचनेत या रोजकीर्दीत फाइल कुठे आहे, केवढी आहे, एवढंच टिपलं जातं, आतला मजकूर नाही. म्हणून वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अपुरी राहू शकते. जिथे जर्नलनंही भागत नाही, तिथे एफएससीके लागतो.

त्याचे दोन पथ्य. जोडलेल्या, चालू डिस्कवर तो कधीही चालवू नका, कारण खतावणी लिहिणं चालू असताना दुसऱ्यानं तीच दुरुस्त केली तर दोघांचंही चुकतं. आणि आजारी डिस्कवर तो प्रत काढण्याआधी चालवू नका, कारण तो दुरुस्त करताना लिहितो.

*सगळं चालू आहे पण पडदा काळा.* किंवा पासवर्ड टाकला की पुन्हा पासवर्डच विचारतो. इथे पाचवा टप्पा अडलाय. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. साधा अक्षरांचा पडदा आला, तर संगणक अगदी ठणठणीत आहे. 'डीएफ डॅश एच' टाइप करा. पुष्कळदा डिस्क शंभर टक्के भरलेली सापडते आणि चार मोठ्या फाइली हलवल्या की सगळं सुरळीत होतं. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा दोष असेल तर ग्रबच्या यादीत 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा.

ग्रबमधला हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो. चुकलात तर बंद करून पुन्हा सुरू करा, जुनी ओळ परत. इतकं माफ करणारं ठिकाण संगणकात दुसरं नाही, तेव्हा बिनधास्त करून पाहा.

आमचं काय झालं

आता चौथा टप्पा, म्हणजे आमचा इमर्जन्सी मोड. तिथे संगणक मूळ वापरकर्त्याचा, म्हणजे रूटचा पासवर्ड मागतो. आमच्यापैकी कोणालाच तो माहीत नव्हता. ज्यानं डेबियन बसवलं तो विद्यार्थी आता पुण्यात नोकरीला आहे. फोन केला. तो आधी हसला, मग पासवर्ड सांगितला. तो माझ्याच एका आवडत्या विषयाचं नाव होतं, स्पेलिंग चुकवून. (हशा)

आत गेल्यावर त्यानं फोनवरून सांगितलं, 'जर्नलसीटीएल डॅश एक्सबी' टाइप करा. ही या वेळच्या सुरुवातीची सगळी हकीकत. लाल अक्षरांत ओळ होती : एका डिस्कची वाट पाहिली, नव्वद सेकंद, ती आली नाही. तिच्यावर अवलंबून असलेलं पुढचं काम रद्द.

कोणती डिस्क? आठवतंय, प्रत ठेवायची बाहेरची डिस्क? वादळाच्या आदल्या संध्याकाळी, वीज कडाडायला लागली म्हणून, आमच्या एका काळजीवाहू सभासदानं ती काढून घरी कपाटात ठेवली होती. एफएसटॅबमध्ये मात्र लिहिलेलं होतं, ही डिस्क जोडायची. सवलत नाही. संगणकानं शिस्तीत वाट पाहिली आणि 'मला सांगितलेलं पुरं करता येत नाही' म्हणून थांबला.

म्हणजे विजेनं काहीच उडालं नव्हतं! काकतालीय न्याय तुम्हाला माहीत आहे. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याला धरतो. वादळ झालं, संगणक बंद पडला, आम्ही वादळाला धरलं. खरं कारण आमची काळजी हेच होतं.

उपाय एका शब्दाचा. नॅनो नावाच्या संपादकात एफएसटॅब उघडली. डिस्कवर लिहिता येत नसेल तर त्याआधी 'माउंट डॅश ओ रीमाउंट, आरडब्ल्यू' आणि तिरपी रेघ, हा आदेश लागतो. त्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द जोडला : असली तर जोड, नसली तर पुढे चल. 'फाइंडमाउंट डॅश डॅश व्हेरिफाय' या आदेशानं फाइल तपासली आणि संगणक पुन्हा सुरू केला. दोन मिनिटांत नेहमीचा पडदा आला. दुरुस्तीवाला मुलगा संध्याकाळी पुन्हा आला होता. त्यानं सगळं वहीत उतरवून घेतलं. आता तो मला नव्या गोष्टी सांगतो.

आत शिरून दुरुस्ती

ग्रब नव्यानं बसवायचा असेल, किंवा अर्धवट अपडेट पुरं करायचं असेल, तर 'सीएचरूट' ही युक्ती येते. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. 'एलएसबीएलके डॅश एफ'नं तुमची मुख्य डिस्क ओळखा. ती 'एमएनटी' फोल्डरात माउंट करा. बूटचा आणि यूईएफआयचा वेगळा भाग असेल तर तोही त्याच्या जागी. मग 'डेव्ह', 'प्रोक' आणि 'सिस' हे तीन फोल्डर 'माउंट डॅश डॅश बाइंड'नं आत जोडा आणि 'सीएचरूट एमएनटी' म्हणा. आता तुम्ही पेनड्राइव्हच्या खांद्यावर उभे आहात, पण हात तुमच्याच घरात आहेत. 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' इथून चालतात. डोंबाऱ्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही, पण दुसऱ्याच्या येतं.

हे फक्त गावातल्या जुन्या संगणकांचं दुखणं नाही. जुलै २०२० मध्ये ग्रबमधला 'बूटहोल' नावाचा सुरक्षा-दोष जाहीर झाला. तो बुजवण्यासाठी रेड हॅटनं दिलेल्या अपडेटनंतर काही सर्व्हर सुरूच होईनात. या कंपनीचे कितीतरी अभियंते आपल्या पुण्यात काम करतात. तिनं सांगितलेला मार्ग हाच होता : बचाव-माध्यमावरून सुरू करा, सीएचरूटनं आत शिरा, ग्रबची आधीची आवृत्ती बसवा. आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलीनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक अडकले, आपल्या काही विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहावे लागले. तिथेही संगणक मेले नव्हते. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची होती. कुठे अडलंय ते कळलं की काम लहान होतं.

प्रश्नोत्तरे

*सर, रूटचा पासवर्ड कोणालाच माहीत नसेल तर?*

ग्रबच्या यादीत 'ई' दाबा, त्याच 'लिनक्स'च्या ओळीच्या शेवटी 'इनिट इक्वल टू, स्लॅश बिन स्लॅश बॅश' लिहा. कर्नल सिस्टिमडीऐवजी थेट आदेशांचा पडदा देतो. मघाचा रीमाउंटचा आदेश द्या, मग 'पासडब्ल्यूडी' म्हणून नवा पासवर्ड ठेवा, 'सिंक' म्हणा आणि 'रीबूट डॅश एफ'. काही प्रकारांत रूटचं खातं मुळात कुलूपबंद असतं आणि इमर्जन्सी मोड आत घेतच नाही. तिथेही हाच मार्ग, नाहीतर पेनड्राइव्ह.

*मग कोणीही माझ्या संगणकात शिरेल की!*

शिरेल. ज्याच्या हातात यंत्र, त्याच्या हातात माहिती. ते नको असेल तर डिस्क कूटबद्ध करा, आणि तो पासवर्ड मात्र कधीच विसरू नका. दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत.

*माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्स 'एसबॅट' असं काहीतरी म्हणून बंद झालं.*

ऑगस्ट २०२४ मध्ये हे पुष्कळांचं झालं. विंडोजच्या अपडेटनं जुने बूटलोडर बाद ठरवले, त्यात लिनक्सचेही काही गेले. सेटिंगमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्स सुरू करा, 'मोकयूटिल डॅश डॅश सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' हा आदेश सुडो लावून द्या, एकदा पुन्हा सुरू करा. लिनक्स पूर्ण अपडेट करून घ्या आणि सिक्युअर बूट परत चालू करा.

*इतकी खटपट करण्यापेक्षा नव्यानं बसवलेलं काय वाईट?*

काही वाईट नाही, प्रत हातात असेल तर. एखाद्या वेळी तेच शहाणपणाचं. 'होम' वेगळ्या भागावर ठेवलं असेल तर नव्यानं बसवताना तो भाग न पुसता वापरताही येतो. माझा आक्षेप फॉरमॅटला नाही, न पाहता केलेल्या फॉरमॅटला आहे.

शेवटी चार कामं सांगतो, घरी गेल्यावर करा. एक चालू लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून ड्रॉवरमध्ये ठेवा, तो बिघाडानंतर करायला दुसरा संगणक शोधावा लागतो. रूटचा पासवर्ड पाकिटात घालून विश्वासाच्या माणसाकडे द्या. बाहेरच्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' आहे का ते पाहा. आणि प्रत काढा, महिन्याला एक, आणि ती दुसऱ्या घरात ठेवा.

आमच्या वाचनालयात आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत निघते. डिस्क काढून नेणाऱ्या त्या सभासदाकडेच हे काम दिलंय. काळजी घ्यायची त्यांची सवय होतीच, आता तिला वेळापत्रक मिळालं. त्या आजींच्या नातवाला आम्ही रेकॉर्डिंगची एक प्रत पेनड्राइव्हवर दिली. त्याच्या घरी संगणक नाही, म्हणून मोबाइलवरही टाकून दिली.